नवं-जुनं

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतून आलेले लोक एकत्र झाले आणि त्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तेच घडलं. शाळेच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात आणि दोन-चार ओळींत उरकतात. पण या दंग्यांची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. लोक कागद मागत होते. कर्जखतं, रोखे, वह्या. जिथे सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले, तिथे फारशी मारहाण झाली नाही. कागद हातात आले, जाळले, लोक घरी गेले.

कागदावर एवढा राग का, हे समजायला सोळा वर्षं मागे जावं लागतं. १८५९ साली सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जखत तीनच वर्षं ग्राह्य, त्यानंतर त्यावर दावा चालणार नाही. हेतू चांगला होता: व्याजावर व्याज चढत राहू नये. सावकारानं त्यावर साधी युक्ती काढली. तीन वर्षं भरायच्या आत कुणब्याला बोलवायचं, थकलेलं मुद्दल आणि व्याज एकत्र करायचं, आणि त्या रकमेचं नवं कर्जखत करून अंगठा घ्यायचा. जुनं कर्ज कागदोपत्री फिटलं, नवं सुरू झालं. कोर्टात पाहाल तर सगळं नियमात. कुणब्याच्या हातात या व्यवहारात एक रुपयाही आलेला नाही.

आमच्याकडे याला 'नवं-जुनं' म्हणतात. सोसायटीच्या कर्जाशी कधीही संबंध आलेल्या कोणत्याही शेतकरी घरात हा शब्द सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी: जुनं कर्ज नवं करून दाखवणं. मला वाटतं, आपल्याकडच्या सहकारी पतपुरवठ्याचा, आणि त्याचा हिशोब सरकारला देण्याच्या सगळ्या कायद्यांचा इतिहास या एका शब्दाभोवती लिहिता येईल. मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनियर. बँकांनी नियामकाला पाठवायची विवरणपत्रं तयार करणाऱ्या प्रणालीवर काम करतो. त्यामुळे हा इतिहास मी उलट्या बाजूनं वाचत गेलो. आधी आजचे रकाने पाहिले, मग प्रत्येक रकाना कोणत्या भानगडीनंतर आला ते शोधत मागे गेलो.

दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्यातली कर्जमाफीसारखी कलमं इतिहासकारांना आवडतात. मला आवडतं ते शेवटाकडचं एक छोटं प्रकरण. सावकारानं प्रत्येक परतफेडीची लेखी पावती द्यावी. वर्षातून एकदा हिशोबाचं पत्रक द्यावं. ऋणकोनं मागितलं तर पासबुक ठेवून त्यात नोंदी करून द्याव्यात. नाही दिलं तर दंड. आपण एटीएमच्या शेजारच्या यंत्रात पासबुक घालतो तेव्हा मागे जळक्या कागदांचा वास असतो, हे मला या कायद्यापर्यंत पोचेपर्यंत माहीत नव्हतं.

सावकाराला पर्याय म्हणून सहकाराची कल्पना याच सुमारास इकडे रुजत होती. बडोद्यात ५ फेब्रुवारी १८८९ला विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकारानं 'अन्योन्य सहकारी मंडळी' सुरू झाली. कायदा नसताना, ओळखीच्या माणसांनी थोडे थोडे पैसे जमवून एकमेकांना द्यायचे. जर्मनीत रायफायझन नावाच्या माणसानं खेड्यांसाठी अशीच पद्धत उभी केली होती. मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन यांनी तिचा अभ्यास करून मोठा अहवाल लिहिला, आणि शेवटी १९०४चा सहकारी पतसंस्था कायदा आला.

तो कायदा आज वाचला तर लहानसा वाटतो. एका गावातली किंवा शहरातली किमान दहा माणसं. ग्रामीण संस्थेत जबाबदारी अमर्याद, म्हणजे संस्था बुडाली तर प्रत्येक सभासदाच्या घरादारापर्यंत वसुली येणार. आणि प्रत्येक प्रांतात एक रजिस्ट्रार. मुंबई इलाख्यातली पहिली कृषी पतसंस्था तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात, गदगजवळच्या कणगिनहाळ इथे १९०५ साली नोंदली गेली. १९०६ साली मुंबईत शामराव विठ्ठल, १९११ साली विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांची बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक, अशी ही गाडी पुढे गेली.

इथे एक आडवळण घेतो, कारण फार कमी लोकांना ते माहीत असतं. १९०७ साली बॉस्टनचा एक श्रीमंत दुकानदार, एडवर्ड फायलीन, जगप्रवासाला निघून हिंदुस्थानात आला. बंगालमध्ये त्यानं नव्या कायद्याखालच्या गावातल्या पतसंस्था पाहिल्या. परत गेल्यावर त्यानं अमेरिकेत अशाच संस्थांसाठी आयुष्यभर पैसा आणि वेळ घातला. १९०९ साली मॅसॅच्युसेट्सनं क्रेडिट युनियनचा कायदा केला, १९३४ साली सबंध देशासाठी झाला. म्हणजे अमेरिकेतल्या क्रेडिट युनियन आणि आपल्या पतसंस्था नात्यानं चुलत बहिणी आहेत. या बहिणीकडे नंतर परत यायचं आहे.

१९१२ साली कायदा सुधारला गेला. त्याचं १७वं कलम माझ्या दृष्टीनं या सगळ्या गोष्टीचा कणा. रजिस्ट्रारनं प्रत्येक संस्थेचा हिशोब वर्षातून किमान एकदा स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी तपासायचाच. आणि त्या तपासणीत दोन गोष्टी यायलाच हव्यात: थकलेल्या कर्जांची छाननी, आणि संस्थेच्या येण्या-देण्याचं मूल्यमापन. बेरजा तपासा एवढंच कायदा सांगत नव्हता. येणं खरोखर येणार आहे का, ते बघा, असं सांगत होता. त्यासाठी माणसाला घोड्यावरून किंवा बैलगाडीतून गावात जावं लागे. चावडीवर बसून कीर्द-खतावणी उघडायची, सभासदांना बोलवायचं, 'तुझ्या नावावर इतके रुपये दिसतात, घेतलेस का?' असं विचारायचं. कर्जदार, संचालक आणि लेखापरीक्षक एका खोलीत. खोटं बोलणाऱ्याला शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलावं लागे.

तरी नवं-जुनं आलंच. १९१५ साली एडवर्ड मॅक्लॅगन समितीनं सहकाराच्या पहिल्या दशकाचा आढावा घेतला, तेव्हा परतफेडीवर तिचा सगळा रोख होता. कर्ज वेळेवर परत येत नसेल तर सहकार हा निव्वळ भ्रम आहे, आर्थिक अर्थानंही आणि शिक्षण म्हणूनही, असं तिनं स्पष्ट म्हटलं. त्यातला 'शिक्षण' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. कागदावरची परतफेड माणसाला वेगळंच शिकवते: मार्च सांभाळायचा.

मार्च कसा सांभाळतात हे मी आजोबांकडून ऐकलं. ते गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत गटसचिव होते. पीककर्जाची शेवटची तारीख ३१ मार्च. भरलं तर व्याजात सवलत, आणि पुढच्या हंगामाचं कर्ज. नाही भरलं तर नाव थकबाकीत. ऊस गेला, पण बिल आलं नाही. मग शेतकरी गावातल्याच कुणाकडून तरी चार दिवसांसाठी हातउसने घ्यायचा, दिवसाला ठरलेल्या दरानं. ते सोसायटीत भरायचे. सोसायटी जिल्हा बँकेत भरणार. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवं कर्ज मंजूर, ते उचलून उसने फेडायचे. वसुली शंभर टक्के. "पैसे कुठून आले ते मी विचारायचो नाही आणि रकान्यातही विचारलेलं नसायचं," असं आजोबा म्हणायचे. यात कुणी चोर नव्हता. हे मुद्दाम लिहितोय, कारण शहरात बसून या शब्दाला घोटाळ्याचा वास येतो. त्या शेतकऱ्यासाठी नवं-जुनं म्हणजे पुढच्या पेरणीचं बियाणं होतं. पण जिल्हा बँकेच्या टेबलावर जे पत्रक पोचायचं, त्यात गाव सुखात दिसायचं.

स्वातंत्र्यानंतरची काही दशकं मी पळत ओलांडतो. गोरवाला समितीनं (धनंजयराव गाडगीळही तिच्यात होते) १९५४च्या अहवालात दाखवलं, की ग्रामीण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे. त्यावर सरकारनं या क्षेत्रात भरपूर पैसा आणि भरपूर खाती ओतली. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यातून ठेवविमा आला: १९६२ साली, दीड हजार रुपयांपर्यंत. सहकारी बँकांना तो लगेच मिळाला नाही. कारण विमा द्यायचा तर हिशोब रिझर्व्ह बँकेला दाखवावा लागणार, आणि सहकार हा राज्यांचा विषय. यावर तोड निघाली ती १ मार्च १९६६ची. त्या दिवसापासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला, पण अर्धवट. रोख राखीव किती, कर्ज किती, विवरणपत्रं कोणती, हे रिझर्व्ह बँक ठरवणार. संचालक मंडळ, निवडणुका, लेखापरीक्षण, बरखास्ती हे रजिस्ट्रारकडे राहणार. याला 'दुहेरी नियंत्रण' म्हणतात. ही व्यवस्था पुढे चोपन्न वर्षं टिकली. दोन सासवांच्या घरात सुनेला कधी कधी बरंच असतं: एकीनं विचारलं तर दुसरीचं नाव सांगायचं.

१९९२च्या रोखे घोटाळ्यात मुंबईच्या मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या पावत्या निघाल्या, ज्यांच्यामागे रोखेच नव्हते. २००१ साली अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक कोसळली, शेअर दलालांना दिलेल्या कर्जांपायी. तिच्या मुंबईतल्या मांडवी शाखेच्या सुमारे १३७ कोटींच्या पे ऑर्डर वटल्या नाहीत. इतर सहकारी बँकांनी तिच्याकडे ठेवलेले पैसेही अडकले. यानंतर रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी 'ऑफ-साइट' देखरेख टप्प्याटप्प्यानं आणली. शब्दाचा अर्थ बघा: जागेवर न जाता. बँकेनं ठरावीक काळानं ठरावीक नमुन्यात आकडे पाठवायचे: ताळेबंद, नफा-तोटा, थकीत कर्जं, मोठे कर्जदार, संचालकांना दिलेली कर्जं. केंद्रात बसलेला अधिकारी ते वाचेल, कुठे खटकलं तर विचारेल.

यात चुकीचं काहीच नाही. देशात दीड हजारांच्या आसपास नागरी सहकारी बँका, त्यातल्या सर्वाधिक महाराष्ट्रात. प्रत्येकीच्या दारात दर महिन्याला कोण जाणार? पण इथे एक बदल गुपचूप झाला. १९१२च्या कलमात हिशोब तपासणारा सरकारचा माणूस होता. ऑफ-साइट पद्धतीत हिशोब सांगणारी बँक स्वतः असते. रोजचं लक्ष माणसांवरून आकड्यांवर आलं.

आमच्या धंद्यात या आकड्यांना 'व्हॅलिडेशन' लावतात. म्हणजे नियम: सर्व प्रकारच्या कर्जांची बेरीज एकूण कर्जाइतकी हवी. मागच्या तिमाहीचा शेवटचा आकडा या तिमाहीच्या पहिल्या आकड्याशी जुळायला हवा. एकूण थकीत कर्ज एकूण कर्जापेक्षा जास्त असू शकत नाही. असे शेकडो. एक जरी चुकला तरी विवरणपत्र परत. हे नियम लिहिताना मजा येते, खरं सांगतो. पण सगळे नियम मिळून एकच प्रश्न विचारतात: तुम्ही सांगितलेल्या गोष्टी एकमेकींशी जुळतात का? त्या जगाशी जुळतात का, हे विचारायची सोय फॉर्ममध्ये नाही. जो मनापासून खोटं रचतो, तो आधी बेरजा जुळवतो. चुकीच्या बेरजा प्रामाणिक माणसांच्या असतात.

सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसीवर, निर्बंध आले. पहिल्या दिवशी खातेदाराला सांगितलं गेलं, सहा महिन्यांत मिळून हजार रुपये काढता येतील. मग दहा हजार, पंचवीस, चाळीस, पन्नास. भांडुप-मुलुंडच्या शाखांबाहेर रडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. बँक लहान नव्हती, ठेवी साडेअकरा हजार कोटींच्या वर होत्या. मार्च २०१९च्या अहवालात निव्वळ एनपीए २.१९ टक्के छापलेला होता. म्हणजे शंभर रुपयांच्या कर्जात जेमतेम दोन रुपये अडकलेले. दृष्ट लागावी असा आकडा.

प्रत्यक्षात एकूण कर्जापैकी सुमारे ७३ टक्के कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे होतं, साडेसहा हजार कोटींच्या घरात. नियम असा होता, की एका समूहाला बँकेच्या भांडवली निधीच्या ४० टक्क्यांपर्यंतच कर्ज द्यावं. लक्षात घ्या, भांडवली निधीच्या, एकूण कर्जाच्या नव्हे. आणि ही कर्जं थकलेली होती. कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की ते खातं एनपीए दाखवावं लागतं, त्यासाठी नफ्यातून तरतूद काढावी लागते. ती काढली असती तर बँकच उरली नसती.

मग लपवलं कसं? तपासात पुढे आलेल्या माहितीनुसार, त्या समूहाच्या चव्वेचाळीस खात्यांच्या जागी २१,०४९ लहान लहान कर्जखाती दाखवली गेली. मोठा आकडा तपासणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो. एकवीस हजार लहान खाती कोण उघडून बघणार? एवढी मोठी यादी नमुन्यादाखल तपासतात. आणि ज्या तपशिलानं मला रात्री झोप लागली नाही तो हा: बातम्यांनुसार ही खाती बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत उघडलेलीच नव्हती. ती फक्त रिझर्व्ह बँकेला द्यायच्या कर्जांच्या यादीत लिहिलेली होती. म्हणजे एक बँक संगणकात चालत होती, आणि दुसरी, निरोगी, फक्त विवरणपत्रात. दोन्हींच्या बेरजा जुळत होत्या.

हे नवं-जुनंच की. सावकारानं कुणब्याच्या जुन्या कर्जावर नवं खत चढवलं, इथे चव्वेचाळीस बड्या थकलेल्या खात्यांवर एकवीस हजार न जन्मलेल्या माणसांची नावं चढवली. फरक इतकाच, की १८५९मध्ये हे कर्जदाराच्या जिवावर होत होतं आणि २०१९मध्ये ठेवीदारांच्या. आणि ते बाहेर कसं आलं? व्हॅलिडेशननं नाही. बँकेतल्याच काही कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेला कळवलं, असं तेव्हा छापून आलं. म्हणजे खोलीतल्या माणसांनी.

पुढे जे झालं ते या क्षेत्राच्या सवयीनुसार झालं: नवे रकाने आले. पाच कोटींवरच्या प्रत्येक कर्जाची माहिती मोठ्या नागरी सहकारी बँकांनी रिझर्व्ह बँकेच्या मध्यवर्ती साठ्यात द्यायची. समूहाला द्यायच्या कर्जाची मर्यादा ४० वरून २५ टक्के. फेब्रुवारी २०२०मध्ये ठेवविमा एक लाखावरून पाच लाख झाला. त्याआधी तो एक लाखावर १९९३पासून तसाच पडून होता. २०२०च्या दुरुस्तीनं दुहेरी नियंत्रणाचा मोठा भाग संपला. दोन हजार कोटी किंवा जास्त मालमत्ता असलेल्या बँकांना सांगण्यात आलं, की ३० जून २०२१पासून कुठलं कर्ज एनपीए हे संगणकानं ठरवायचं, माणसानं हात लावायचा नाही. शेवटचा नियम मला मनापासून पटतो. ३१ मार्चच्या रात्री कुणी एक्सेलमध्ये बसून 'हे जरा बाजूला ठेवू' म्हणू शकत नाही. निदान सोपं राहिलेलं नाही.

पीएमसीच्या ठेवीदारांचं काय झालं? २५ जानेवारी २०२२ला बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरची रक्कम ज्यांची होती त्यांना ती टप्प्याटप्प्यानं, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत मिळणार. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं म्हणजे काय, हे नमुन्यात कुठे लिहायचं?

आता चुलत बहिणीकडे. अमेरिकेत प्रत्येक विमाधारक क्रेडिट युनियन दर तिमाहीला '५३००' नावाचं विवरणपत्र राष्ट्रीय नियामकाला देते. कर्ज किती, किती महिन्यांपासून थकलेलं, राखीव किती. यात आपल्यापेक्षा मुळात वेगळं फारसं काही नाही. फरक आहे तो ते वाचणाऱ्यांत. ते विवरणपत्र कुणीही, अगदी मीही इथे पुण्यात बसून, नियामकाच्या साइटवर उघडून वाचू शकतो. आपल्याकडे सहकारी बँका रिझर्व्ह बँकेला जी तिमाही पत्रकं पाठवतात ती आपल्यासाठी नाहीत. तपासणी अहवालही नाहीत. गुजरातमधल्या एका सहकारी बँकेची माहिती कुणी माहिती अधिकारात मागितली, तेव्हा बँकांशी आमचं विश्वासाचं नातं आहे, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं. ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १६ डिसेंबर २०१५ला न्यायालयानं जयंतीलाल मिस्त्री खटल्यात निकाल दिला, की रिझर्व्ह बँकेचं कर्तव्य जनतेशी आहे, बँकांशी असं गुप्ततेचं नातं नाही. निकाल वाचण्यासारखा आहे. त्यानंतरही बँका तो फिरवून घ्यायला न्यायालयात खेटे घालत राहिल्या.

बँकांची ही गोष्ट, पण तुमच्या-माझ्या गल्लीत असते ती बहुधा पतसंस्था. तिच्यावर रिझर्व्ह बँक नाही, तिच्या ठेवींना तो पाच लाखांचा विमाही नाही. हे अनेक ठेवीदारांना पैसे अडकल्यावर कळतं. ती सहकार आयुक्तांच्या खात्याखाली येते, आणि तिच्या तब्येतीची एकच खूण चौकातल्या फ्लेक्सवर असते: 'सातत्याने ऑडिट वर्ग अ'. ती चार अक्षरांची उतरंड, अ ते ड, म्हणजे त्या १९१२च्या कलमाची वंशावळ. मागे एक अख्खा अहवाल असतो. लेखापरीक्षकानं काढलेल्या चुका आणि संस्थेनं त्यावर दिलेला 'दोष दुरुस्ती अहवाल'. तो फ्लेक्सवर येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ३२व्या कलमानुसार सभासदाला कार्यालयाच्या वेळेत शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं फुकट बघता येतात. मी माझ्या मावशीच्या पतसंस्थेत तिच्याबरोबर जाऊन हे मागितलं. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. पाच मिनिटं आत जाऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, आजवर कोणी मागितलं नाही. साहेब उद्या येतील." दुसऱ्या दिवशी साहेबांनी चहा दिला आणि ताळेबंदही दाखवला. गंगाजळी बरी होती. संशयित व बुडीत कर्जासाठीची तरतूद मागच्या वर्षापेक्षा दुप्पट होती. मावशीनं त्यावर साहेबांना जो प्रश्न विचारला तो मला सुचला नव्हता: "ही बुडालेली माणसं गावातलीच ना? मग आम्हाला नावं माहीत असतील."

१२ फेब्रुवारी २०२५ला रिझर्व्ह बँकेचे अधिकारी न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रभादेवीच्या कार्यालयात पोचले. जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६८ साली कामगारांसाठी सुरू केलेली ही बँक. तिच्या वह्यांनुसार तिजोरीत जवळपास १२२ कोटी रुपये रोख होते. अधिकाऱ्यांनी तिजोरी उघडायला लावली आणि नोटा मोजल्या. प्रभादेवी आणि गोरेगाव मिळून १२२ कोटी रुपये कमी भरले. त्या तिजोरीची क्षमताच दहा कोटींच्या आसपास होती, असं पुढे पोलीस तपासाच्या बातम्यांत आलं. 'हातातील रोख' हा रकाना प्रत्येक विवरणपत्रात असतो, सगळ्यात वरचा. तिजोरी केवढी, हा रकाना मी अजून कुठे पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी खात्यातून पैसे काढणं बंद झालं, त्यानंतरच्या दिवशी संचालक मंडळ बाजूला केलं गेलं, महिनाअखेरीस पंचवीस हजारांपर्यंत काढायची परवानगी मिळाली. ४ ऑगस्ट २०२५पासून बँक सारस्वत बँकेत विलीन झाली.